चैत्रगौर बसली, मोगरा मात्र रुसला (उन्हाळ्यातली घरची फुलबाग)

गच्चीवाली (१४ एप्रिल)

घरात चैत्रगौर बसलीये. शुक्रवारी हळदीकुंकू. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं ठरलंय. आणि बायकांना द्यायला मोगऱ्याचे गजरे मात्र मंडईतून आणायचे आहेत. घरच्या गच्चीत मोगऱ्याच्या ४ कुंड्या असताना!

बटमोगरा २, मदनबाण १, हजारी १. कोथरूड, चौथा मजला, दुपारपासून ऊन. पानं अशी हिरवीगार की वाटावं पालकाचा वाफा आहे. कळी एक नाही. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या कुंड्यांची मिळून ११ फुलं आली होती, म्हणून या वर्षी मी अजिबात हयगय केली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, दर पंधरा दिवसांनी पेंडीचं पाणी, शेणखत, आणि शेजारच्या काकांनी सांगितलं म्हणून दोनदा चिमूटभर युरिया.

बाकीची रडगाणी थोडक्यात:
जास्वंदीच्या शेंड्यांना कापसासारखं पांढरं काहीतरी लागलंय, कळ्या गळतात.
अनंताची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मार्चपासून टँकरचं पाणी येतंय, त्यामुळे असेल का?
आणि मे महिन्यात १२ दिवस चिपळूणला सासरी जायचंय. कुंड्यांचं काय करू?

तुमच्याकडे काय फुललंय तेही सांगा. जळायला तयार आहे.

खिडकीतला माळी

डोंबिवलीहून हजेरी. माझी बाग म्हणजे साडेचार फुटांची ग्रिल. सदाफुली आणि ऑफिस टाइम जोरात. ऑफिस टाइम नऊ-साडेनऊला उघडतं, दुपारनंतर मिटतं. मी सव्वासातच्या लोकलला असतो, त्यामुळे माझ्याच घरातलं ते फूल मला फक्त रविवारी दिसतं.

मोगऱ्याच्या बाबतीत +१. माझाही नुसताच वाढतोय.

पेडण्याची

अगो, जळायचं तर जळ. सुरंगीचा हंगाम नुकता संपला, तरी घरात अजून वास रेंगाळतोय. आता अबोली भरात आहे. अर्ध्या सावलीत, फणसाखाली, तिला कोणी विचारत नाही तरी फुलते. संध्याकाळी वळेसर (गजरे) करायला बसलं की डास चावतात तेवढंच दुःख.

अबोलीचं बी गोळा करणाऱ्यांसाठी एक गंमत. सुकलेल्या बोंडांवर पाण्याचा थेंब पडला की ती टप्पकन फुटतात आणि बी लांब उडतं. म्हणून बी हवं असेल तर पाणी घालायच्या आधी कणीस काढून कागदाच्या पिशवीत ठेवायचं. लहानपणी आम्ही बोंडं जिभेवर ठेवून फुटायची वाट बघायचो. हे घरच्या पोरांना शिकवू नका.

बांधावरचा

गच्चीवाली ताई, तुमचा मोगरा रुसला नाही. सुखावलाय.

मी वरूडकडचा संत्र्याचा कास्तकार. फुलबागेतलं मला फार कळत नाही, पण झाड फुलवायचं कसं ते आमच्या पोटापाण्याचंच काम आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत कमी दिवस, भारी काळ्या जमिनीत जास्त. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडतात, काही गळतात. नवीन माणसाला वाटते बाग गेली. याला ताण म्हणतात. ताणावर असताना झाडाची पालवी थांबते आणि फांद्यांत अन्न साठतं. मग वखरून, खत देऊन पाणी सोडलं की काही आठवड्यांत नवतीबरोबर, म्हणजे नव्या पालवीबरोबर, फुलंच फुलं. ज्या झाडाला वर्षभर पाणी मिळत राहते ते झाड वाढतच बसते. त्याला फुलायची गरजच काय बाप्पा!

माझ्या बायकोचा मोगरा अंगणात जमिनीत आहे. ती त्याला अगदी हाच हिसाब लावते. पौषात पंधरा दिवस पाणी बंद. पानं ओरबाडून काढायची, गुडघ्याएवढा ठेवून छाटायचा, बुडाची माती मोकळी करून दोन-तीन दिवस उन्हं खाऊ द्यायची. मग शेणखत आणि पाणी. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, जुन्या काडीवर नाही. काडी कापलीच नाही तर फूट कुठून येणार आणि फुलं कुठून येणार?

पण ताई, हे वाचून आज पाणी बंद करू नका! ताणाची वेळ गेली. एप्रिलच्या उन्हात कुंडीतल्या झाडाला ताण दिला तर ते फुलणार नाही, सरळ मरणार. आता एवढंच करा. युरिया आणि पेंड बंद. त्यांतल्या नत्राने पानंच येतात. प्रत्येक फांदीचा शेंडा वीतभर छाटा, खालची जुनी पानं काढा, मूठ-दोन मूठ गांडूळखत मातीत मिसळा. तीन-चार आठवडे थांबा.

शंकासुर

बांधावरचा यांना पूर्ण अनुमोदन, आणि युरिया सुचवणाऱ्या काकांना माझा नमस्कार कळवा.

आता कोणीतरी येऊन केळ्याच्या सालीचं पाणी, ताक, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण आणि एप्सम सॉल्ट सुचवायच्या आत बोलतो. केळ्याच्या सालीत पालाश (पोटॅशियम) असतं हे खरं. पण साल रात्रभर पाण्यात भिजवून मिळतं किती? चिलटं मात्र भरपूर मिळतात. साल कंपोस्टात टाका, तिथे तिचं सोनं होईल. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन काढलेला असेल तरच वापरा, नाहीतर मुंग्या. आणि मुंग्या आल्या की तुमच्या जास्वंदीचं काय होतं ते खाली कोणीतरी सांगेलच.

गच्चीवाली, एक प्रश्न. दुपारपासून ऊन म्हणालात. ते उघडं ऊन का? जाळी वगैरे?

गच्चीवाली

अं... हो. हिरवी जाळी आहे. ७५ टक्केवाली. फेब्रुवारीतच बांधून घेतली, ऊन वाढायच्या आधी. सगळ्या गच्चीवर. म्हणजे मोगऱ्यावरही.

शंकासुर

सापडलं.

मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. तुमच्याकडे मुळात अर्धाच दिवस ऊन, त्यातलं पाऊण जाळीने खाल्लं. अनंत, अबोली, अँथुरियम, नेचे, ऑर्किड यांच्यावर जाळी पाहिजेच. मोगरा, बोगनवेल, चाफा, सदाफुली, ऑफिस टाइम यांना जाळीखाली ठेवणं म्हणजे आंब्याला छत्री धरणं.

गच्चीवाली

म्हणजे पाणी जास्त, खत जास्त, सावली जास्त. सासूबाई हे वाचून म्हणतायत, "नातवाचंही तू असंच केलंयस."

उद्याच जाळी काढते.

जर्सीकाकू

थांब थांब! उद्याच काढू नकोस!

माझी चूक ऐक. इथे न्यू जर्सीत आमचा मोगरा ऑक्टोबर ते मे घरात, खिडकीशी असतो. मेच्या मध्यावर थंडीची भीती गेली की बाहेर काढायचा. पहिल्या वर्षी मी उत्साहाने सकाळी काढून भर उन्हात ठेवला. संध्याकाळपर्यंत पानांवर पांढरट-करडे चट्टे. रोग नव्हे, ऊन लागलेलं. सावलीत वाढलेल्या पानाला उन्हाची सवयच नसते. तेव्हापासून आठवडाभर सराव: पहिले दोन दिवस झाडाखाली, मग सकाळचं कोवळं ऊन, मग पूर्ण. तुझं तर पुण्याचं एप्रिलचं पश्चिमेचं ऊन आहे. आधी जाळी संध्याकाळी पाचनंतर सरकव, मग चारपासून, असं आठ-दहा दिवसांत कर.

अवांतर: आमच्याकडचा सुरुवातीचा उन्हाळा म्हणजे जून. शेजारणीकडे पिओनी फुलतात, कळ्यांवर मुंग्याच मुंग्या. तिला वाटायचं मुंग्या आल्याशिवाय कळी उमलत नाही. तसं काही नसतं, मुंग्या कळीवरचा गोड रस खायला येतात. फूल सुंदर, पण वासाला मोगऱ्याच्या पासंगाला नाही. मी हे तिला सांगितलेलं नाही.

खिडकीतला माळी

मुंग्यांचा विषय निघालाच आहे तर जास्वंदीचं मी सांगतो.

तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. रस शोषतो आणि मागून चिकट गोड द्रव सोडतो. मुंग्या त्यासाठी त्याची राखण करतात, एका फांदीवरून दुसरीवर पोचवतातही. म्हणून नुसता ढेकूण मारून भागत नाही, मुंग्यांची वाट तोडावी लागते. कुंडी ताटलीत पाणी घालून त्यात विटेच्या तुकड्यांवर ठेवली आणि झाड भिंतीला-ग्रिलला कुठेही टेकत नाही हे पाहिलं की मुंग्या थांबतात. ताटलीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता, नाहीतर डास पाळाल.

माझी पद्धत: फार गुरफटलेले शेंडे कापून पिशवीत गाठ मारून कचऱ्यात. कंपोस्टात नाही. उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा, जुन्या टूथब्रशने फांद्यांचे बेचके घासायचे. मग १ लिटर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे काही थेंब, नीट घुसळून. साबण नसेल तर तेल वरच तरंगतं. फवारणी संध्याकाळीच. एकदा मी सुट्टीच्या दिवशी भर दुपारी मारलं आणि पानं तळून निघाली. आठवड्याच्या अंतराने तीनदा करा, कारण अंड्यांतून पिल्लं निघत राहतात.

आणि खालच्या मजल्यावर कोणी पापड वाळत घातलेत का ते बघून फवारा. हे कसं कळलं ते विचारू नका.

आळंदीकर आजोबा

वाचतोय. छान धागा. आमच्या अंगणात चाफ्याला पान नाही आणि फुलं मात्र झाडभर. मे फ्लॉवरच्या कंदाला परवाच कोंब आला. महिनोन्महिने कुंडी रिकामी दिसते म्हणून मागच्या वर्षी आमच्या सूनबाईंनी त्यात कोथिंबीर पेरली होती. लाल चेंडू कोथिंबिरीतून वर आला.

निशिगंधाचे कंद लावायचे असतील तर ही वेळ बरी. पाऊस आला की दांडे धरतात.

पेडण्याची

अनंताचं मी सांगते. आमच्याकडे विहिरीच्या काठाला अनंत आहे, सासऱ्यांनी लावलेला, माझ्या डोक्याच्या वर गेलाय. खत म्हणून त्याला पडलेली पानं मिळतात फक्त. कारण सगळं मातीत आहे. आमची तांबडी माती आंबट, आणि अनंताला आंबटच माती लागते. तुमचं टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात ना? ते क्षार. त्या पाण्याने मातीचा आंबटपणा दर दिवशी थोडा थोडा जातो. मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, ही बहुधा लोह न मिळाल्याची खूण.

शंकासुर

बरोबर. म्हणून खिळे गंजवून घातलेलं पाणी वगैरे काही उपयोगाचं नाही. लोह कमी नाहीये, ते अडकलंय. तात्पुरता उपाय म्हणजे चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल असं लोह), लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं. मातीत न घालता पानांवर, म्हणजे मातीचा अडथळाच नको. पिवळी झालेली जुनी पानं पूर्ण हिरवी होतील अशी आशा ठेवू नका, नवी पानं कशी येतात ते बघा.

कायमचा उपाय पाणी बदलणं. एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी बादलीत धरा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. एका अनंतापुरतं रोजचं सहज निघतं. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी देऊन कुंडी दोन-तीनदा खळखळून धुऊन काढा.

गच्चीवाली (१७ एप्रिल)

एसीच्या पाण्याला बादली लावली. सासूबाईंनी त्या बादलीला "तीर्थ" नाव ठेवलंय.

काल मोगऱ्याला कात्री लावायला बसले. तीन कुंड्या झाल्या. चौथा, हजारी, वेलासारखा कठड्यावर चढलाय. फांदी बाजूला केली तर आत वाटीएवढं घरटं. त्यात तीन अंडी, फिकट गुलाबी, वर तांबूस ठिपके. बुलबुल आहे. लालबुड्या. कठड्यावर बसून मला शिव्या देत होता.

आता काय करू? ना छाटता येत, ना जाळी हलवता येत, ना नीट पाणी घालता येत.

बांधावरचा

काही करू नका. हा एक राहू द्या.

आळंदीकर आजोबा

बुलबुल साधारण बारा-तेरा दिवस अंडी उबवतो आणि पिल्लंही जवळपास तेवढ्याच दिवसांत घरट्यातून बाहेर पडतात. म्हणजे महिन्याच्या आत तुमची कुंडी मोकळी. पाणी कुंडीच्या बुडाशी हळूच सोडा, पाईपने नको. घरट्यावरची जाळी मुळीच काढू नका, उघड्यावर पिल्लं उन्हाने जातील. फोटो काढायला रोज डोकावू नका, कावळा माणसाच्या मागावर असतो.

खिडकीतला माळी

आजोबा __/\\__

तिघांना ऊन, एकाला बुलबुल. चौथ्याला निदान कारण तरी मिळालं न फुलायला.

गच्चीवाली

त्या १२ दिवसांचं कोणी बोलेना. सलाईनच्या बाटल्या लावू का?

खिडकीतला माळी

बाटल्यांचा अनुभव वाईट. पाण्याची बाटली भोक पाडून उलटी खोचली, रात्रीत रिकामी. दुसरीचं भोक मातीने बुजलं, ती परत आलो तेव्हा भरलेलीच होती, झाड वाळलेलं.

जर्सीकाकू

आम्ही दर दोन वर्षांनी तीन आठवडे भारतात येतो. माझी व्यवस्था अशी: जुन्या सुती ओढणीच्या पट्ट्या फाडून पीळ घालायचे. पाण्याची मोठी बादली स्टुलावर, कुंड्या भोवती खाली. पीळ आधी पूर्ण भिजवायचा, एक टोक बादलीच्या तळाशी दगड बांधून, दुसरं टोक कुंडीच्या मातीत चार बोटं आत. सुती कापड पाणी छान ओढतं. पीळ जाड असेल तर कुंडीचा चिखल होतो, बारीक असेल तर पुरत नाही. म्हणून निघायच्या आधी चार दिवस घरी असतानाच चालवून बघायचं. बादली किती उतरते ते कळलं की हिशोब बसतो.

बांधावरचा

तीन गोष्टी अजून. कुंड्या एकमेकीला खेटून सावलीत लावा. वर चार बोटं उसाचं पाचट नाहीतर नारळाच्या शेंड्या घाला, ओल बरीच जास्त टिकते. आणि मातीचं छोटं मडकं, गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलेलं, वर झाकण. मडकं झिरपतं, माती लागेल तेवढंच पिते. मोठ्या कुंडीला झकास.

माती एकदा कडक वाळून कडेने सुटली की वरून घातलेलं पाणी फटीतून सरळ खाली जाते, मुळं कोरडीच राहतात. कोकोपीट असलेल्या मातीत तर फारच. आल्यावर तसं दिसलं तर अख्खी कुंडी टबात बुडबुडे थांबेपर्यंत बसवा.

पेडण्याची

आणि जाताना सगळ्या कळ्या खुडून जा गो. फुलायला झाडाला पाणी लागतं.

गच्चीवाली (१० मे)

बुलबुल उडाले! तिसरं पिल्लू दोन दिवस कठड्यावर बसून होतं. आई-बाप अळ्या आणून भरवत होते. सकाळी बघितलं तर नव्हतं. कावळ्याने नेलं नाही, समोरच्या गुलमोहरावर तिघांचा आवाज येतोय असं मी आणि सासूबाईंनी ठरवलंय.

जास्वंद दोन फवारण्यांत सुधारली. अनंताची नवी पानं हिरवी. आणि आता ऐका. बटमोगऱ्याच्या नव्या फुटीला कळ्या! मोजल्या. दोन्ही मिळून ३८. मदनबाणाला ९. आम्ही निघतोय १४ तारखेला. पेडण्याची, मी या खुडून जाऊ?

पेडण्याची

मी काही बोललेच नाही असं समज.

शंकासुर

३८ कळ्या खुडणाऱ्या बाईला या धाग्यावर प्रवेश नाही.

जर्सीकाकू

खुडू नकोस. शेजारणीला किल्ली दे. संध्याकाळी पाचला टपोऱ्या पांढऱ्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेव म्हणावं, रात्री घरात उमलतात. चार तिच्या माठात टाक म्हणावं. तिची पाणी घालायची जबाबदारी आपोआप पार पडेल.

गच्चीवाली (२७ मे)

परत आले. बादलीचे पीळ मस्त चालले, एकच सुटला होता, सदाफुलीचा, आणि सदाफुलीला त्याचं काही वाटलेलं नाही. किल्ली खालच्या मजल्यावरच्या आजींकडे दिली होती. त्यांनी रोज गजरा केला, रोज एक फोटो पाठवला, आणि आज किल्ली परत देताना म्हणाल्या, "एवढ्यात कशाला आलीस?"

हजारीला आज कात्री लावली. घरटं अलगद काढून ठेवलंय, आत प्लास्टिकच्या पिशवीची पट्टी, काथ्या आणि माझ्याच केसांचा गुंता निघाला.

बांधावरचा

हजारीला आता खत नको, पाऊस तोंडावर आहे. पहिली फुलं झाली की बाकी तिघांचे शेंडे पुन्हा दोन-तीन बोटं छाटा, जून-जुलैत अजून एक बहार मिळेल. आणि पौषात पाणी बंद करायला विसरू नका.

गच्चीवाली

कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानावर मोठ्या अक्षरात "ताण" लिहून ठेवलंय. नवरा दोनदा विचारून गेला, काही झालंय का म्हणून.